माकडाचा माणूस कोणीं पाहिला?

इसवी सन २०१८ च्या जानेवारी महिन्यांत औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास, एक वैदिक संमेलन भरलें होतें. केंद्र सरकारांतील मनुष्यबळ विकास खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री व मुंबईचे माजी पोलीस आयुक्त श्री. सत्यपाल सिंह हे त्या निमित्तानें तेथें आले असतां त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, डार्विनाचा उत्क्रांतिवाद शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे. वानराचा मनुष्य होतांना पाहिल्याचें आपल्या पूर्वजांपैकीं कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं कीं सांगितलेलें नाहीं. मनुष्य पृथ्वीवर दिसूं लागला तेव्हांपासून तो मनुष्यच आहे. सबब शाळा-कॉलेजांतील पाठ्यक्रम बदलला पाहिजे.

त्यावर देशभर गदारोळ उठला. दिल्ली, बंगळूर व अलाहाबाद येथील विज्ञानाच्या तिन्ही अकादमींनीं एकत्र पत्रक काढून या विधानास शास्त्राचा आधार नाहीं असें सांगितलें. हजाराहून अधिक शास्त्रज्ञांनीं व विज्ञानप्रेमी लोकांनीं निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्याच खात्याचे वरिष्ठ मंत्री, आपले पुण्याचे श्री. प्रकाश जावडेकर, यांनीं अशीं विधानें करूं नयेत असें आपल्या सहकाऱ्यास सांगितल्याचें जाहीर केलें. वाद तेथें मिटला असें सर्वांस वाटलें.

परंतु पांच वर्षांनीं, कोणाचें भाषण न होतां, गोष्ट घडून आली. करोनाच्या सांथीनंतर विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याच्या निमित्तानें केंद्रीय मंडळाच्या पुस्तकांची जी छाटणी झाली, तींत दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतील ‘आनुवंशिकता व उत्क्रांति’ या धड्याचें उत्तरार्धाचें अंग कापलें गेलें व नुसती ‘आनुवंशिकता’ शिल्लक राहिली. २०२३ च्या आवृत्तींत हा फरक पुस्तकांत उतरला. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षक यांनीं त्याविरुद्ध पत्र लिहिलें. बारावीच्या जीवशास्त्रांत हा विषय आहेच, असें उत्तर मिळालें. आहे खरा, पण दहावीनंतर जो वाणिज्याकडे वळला, गणिताकडे वळला, अगर आमच्याप्रमाणें संस्कृताकडे वळला, त्याच्या कानांवर हा विषय शाळेंत कधींच पडावयाचा नाहीं.

येथें आमची भूमिका आरंभींच सांगून टाकतों. आम्ही उत्क्रांतिवादाचे भगत नव्हों. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पुढें जें कांहीं झालें तें संस्कृताचें; आणि आयुष्य गेलें जामखेडासारख्या गांवीं मुलांस शब्द चालवावयास व धातु ओळखावयास शिकविण्यांत. ही सृष्टि ईश्वराची आहे या श्रद्धेंत आम्ही लहानाचे मोठे झालों, व ती श्रद्धा अद्याप आहे. वर्तमानपत्रांत महिन्या-दोन महिन्यांनीं ‘हरवलेला दुवा सांपडला’ अशी बातमी येते, तेव्हां आम्ही ती चष्मा पुसून दोनदां वाचतों, आणि मनांत म्हणतों, पाहूं या, किती दिवस टिकतो हा दुवा! तेव्हां या लेखांत मंत्र्यांची थट्टा किंवा शास्त्रज्ञांची आरती यांपैकीं कांहींच वाचकांस मिळणार नाहीं. शंका घेणें हा आमचा स्वभाव आहे. आणि म्हणूनच शंका कशी घ्यावी व कशी घेऊं नये, याविषयीं थोडें लिहावेंसें वाटलें.

२०२३ च्या दिवाळींत आमच्या घरीं मुलें जमलीं होतीं. आमची नात येथेंच राज्य मंडळाच्या शाळेंत दहावीस होती, व पुतण्याचा मुलगा पुण्यास केंद्रीय मंडळाच्या शाळेंत दहावीसच. फराळ आटोपल्यावर दोघांनीं आपापलीं पुस्तकें समोरासमोर ठेविलीं. राज्य मंडळाच्या २०१८ सालीं निघालेल्या पुस्तकांत ‘आनुवंशिकता व उत्क्रांति’ हा पहिलाच धडा. दुसऱ्याच्या पुस्तकांत त्याचा मागमूस नाहीं. एकाच घरांतील, एकाच इयत्तेंतील दोन मुलें. एकास परीक्षेसाठीं डार्विन पाठ करणें भाग, व दुसऱ्यास त्याचें नांवही माहीत नाहीं! मुलगा आम्हांस म्हणाला, “आजोबा, तुम्हीच सांगा, आपण माकडापासून झालों का?” आजी ओसरीवरून म्हणाल्या, “तुझ्याकडे पाहून तरी तसेंच वाटतें!” सगळे हंसले, पण प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. आम्हीं त्याला जें सांगितलें तेंच येथें विस्तारानें लिहीत आहों.

प्रथम शंकेची बाजू. ती लहान नाहीं.

आमच्या नातीच्या त्याच धड्यांत मनुष्याच्या पूर्वपीठिकेमध्यें ‘रामापिथेकस’ या वानराचें नांव आहे. हें नांव वाचून आमच्या घरांतील वडील मंडळी साहजिकच सुखावलीं. याची कथा अशी. १९३२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे ल्यूइस नांवाचे तरुण संशोधक शिवालिकच्या डोंगरांत हिंडत असतां त्यांस वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्यांनीं त्यास प्रभु रामचंद्रांचें नांव दिलें. त्याच डोंगरांतील दुसऱ्या एका वानरास शंकराचें नांव पूर्वींच मिळालें होतें, तो ‘शिवापिथेकस’. पुढें १९६० नंतर सायमन्स व पिलबीम या नामांकित विद्वानांनीं ठरविलें कीं, एक कोटि वर्षांहूनही जुना हा रामापिथेकस मनुष्याचा मूळ पुरुष असावा. जबड्याच्या तुकड्यावरून चेहरा रचला गेला, चेहऱ्यावरून चालणें ठरलें, आणि चित्रांत तो दोन पायांवर उभा राहिलाही. इतक्यांत १९६७ सालीं सारिच व विल्सन या दोघांनीं रक्तांतील प्रथिनांची तुलना करून सांगितलें कीं, मनुष्य व आफ्रिकेंतील वानर यांची फारकत झाली ती अवघ्या पन्नास लक्ष वर्षांच्या सुमारास. मग एक कोटि वर्षांपूर्वींचा मनुष्याचा खास पूर्वज आला कोठून? अस्थिवाल्यांनीं प्रथम त्यांस हंसण्यावारीं नेलें. पुढें पाकिस्तानांतील पोटवार पठारावर शिवापिथेकसाचा चांगला शाबूत चेहरा मिळाला. १९८२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें तेव्हां दिसून आलें कीं, हा प्राणी ओरांगउटानाच्या घराण्यांतला, आणि रामापिथेकस म्हणून जो गाजला तो निराळा कोणी नसून शिवापिथेकसच! हें सांगणाऱ्यांत अग्रभागीं होते ते स्वतः पिलबीम. तेव्हां रामाचें पूर्वजपद जाऊन चाळीस वर्षें लोटलीं, आणि आमचीं मुलें अद्याप तें पाठ करीत आहेत. जेथें धडा आहे तेथें तो शिळा, आणि जेथें नाहीं तेथें पाटीच कोरी!

इंग्लंडांतील पिल्टडाऊनची गोष्ट याहून जुनी व याहून लाजिरवाणी. १९१२ सालीं सांपडलेली ती ‘पहिल्या इंग्रजा’ची कवटी चाळीस वर्षें मोठमोठ्या पंडितांनीं डोक्यावर घेतली, आणि १९५३ सालीं ती माणसाची कवटी व ओरांगउटानाचा जबडा रंगवून, कानस फिरवून एकत्र ठेविलेली लबाडी ठरली. तिच्यावर पुष्कळांनीं लिहिलें आहे, म्हणून पुढें जातों.

आपल्या जवळची व ताजी गोष्ट भीमबेटक्याची. भोपाळजवळच्या त्या प्रसिद्ध चित्रगुहांत हिंडतांना कांहीं भूशास्त्रज्ञांस भिंतीवर पानाच्या शिरांसारखा एक ठसा दिसला. पंचावन्न कोटि वर्षांपूर्वींच्या ‘डिकिन्सोनिया’ नांवाच्या प्राण्याचा हा ठसा होय, असा निबंध २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या वर्तमानपत्रांनीं मोठे मथळे दिले. शाळाशाळांतून तें सुविचाराच्या फळ्यावर लागलें असल्यास नवल नाहीं. पुढें फ्लोरिडा विद्यापीठाच्या मंडळीनें तेथें जाऊन पाहिलें, तों तो ठसा भिंतीवरून सोलून निघत होता, आणि आजूबाजूस मधमाशांचीं पोळीं लोंबत होतीं. तें जुनें, वाळून गेलेलें पोळें होतें! २०२३ सालीं हें छापून आलें, व मूळ लेखकांनींही तें कबूल केलें. पोळ्याचा मथळा मात्र मूळ मथळ्याच्या पाव आकाराचाही आम्हांस कोठें दिसला नाहीं. बातमीदारीचा हा धर्मच आहे कीं काय नकळे. जन्माचें वर्तमान वाजतगाजत येतें, आणि सुतकाचें कोणी कळवीत नाहीं.

आणखी एक उदाहरण देतों, कारण तें आपल्या दाराशीं आहे. जुन्नर तालुक्यांत कुकडी नदीच्या कांठीं बोरी नांवाचें गांव आहे. तेथें नदीच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे, व त्याच्या सान्निध्यांत आदिमानवाचीं दगडी हत्यारें मिळालीं. राखेचें वय कळलें कीं हत्यारांचें कळणार, म्हणून तें काढण्यांत आलें. १९८९ च्या सुमारास तें १४ लक्ष वर्षें निघालें. कांहीं वर्षांनीं दुसऱ्या रीतीनें मोजतां ६ लक्ष ७० हजार निघालें. आणखी कांहीं संशोधक म्हणाले, छे! ही तर सुमात्रा बेटांतील तोबा ज्वालामुखीची राख, हिचें वय सुमारें ७५ हजार. ज्योतिष्यानें एवढा फरक केला असता तर आम्हीं त्यास दक्षिणा दिली नसती!

येथवर वाचून आमचे कांहीं स्नेही मान डोलावतील व म्हणतील, मास्तर, मग झालें तर. सगळा पोकळ डोलारा आहे. येथेंच आम्ही थांबून त्यांस प्रश्न विचारतों. रामापिथेकसाचें पद कोणीं काढून घेतलें? पिल्टडाऊनची लबाडी कोणीं धरली? भीमबेटक्याचें पोळें कोणीं ओळखलें? बोरीच्या चौदा लक्षांवर आक्षेप कोणीं घेतला? कोणा शास्त्रीबोवांनीं नव्हे, कोणा पाद्र्यांनीं नव्हे, कोणा मंत्र्यांनीं तर नव्हेच. त्याच विद्येंतल्या लोकांनीं, त्याच विद्येच्या साधनांनीं. दुसरें असें कीं, हे सर्व तंटे अमुक प्राणी कोणाचा पूर्वज, अमुक थर केवढा जुना, यांविषयींचे आहेत. प्राण्यांच्या जाति एकमेकींपासून निघाल्या कीं नाहीं, याविषयींचे नाहींत. भाऊबंदांत वंशावळींतील एखाद्या नांवावरून कोर्टकचेरी चालते, म्हणून घराण्याला मूळ पुरुषच नव्हता असें कोणी म्हणत नाहीं.

आतां ‘कोणीं पाहिलें?’ या मुख्य आक्षेपाकडे येऊं. तो वरकरणीं बिनतोड दिसतो. परंतु आपल्या दर्शनांची ज्यांस थोडीशी ओळख आहे त्यांस तो ऐकतांच चमकल्यासारखें होईल, कारण हा आक्षेप फार जुना आहे आणि तो चार्वाकाचा आहे. प्रत्यक्षाखेरीज दुसरें प्रमाण मानावयाचें नाहीं, हेंच तर चार्वाकाचें मत! न पाहिलेला परलोक नाहीं, न पाहिलेला आत्मा नाहीं, न पाहिलेला ईश्वर नाहीं. वैदिक संमेलनाच्या निमित्तानें चार्वाकाचें शस्त्र उपसलें जावें, आणि तें कोणाच्या ध्यानींही येऊं नये, याचें आम्हांस खरोखर वाईट वाटलें. सृष्टि उत्पन्न करतांना ईश्वरास तरी कोणीं पाहिलें आहे? हें शस्त्र डार्विनावर चालवावयास काढलें, तर त्याचा पहिला घाव आपल्याच देव्हाऱ्यावर पडतो.

नैयायिकांनीं चार्वाकास जें उत्तर दिलें तें अनुमानाचें. त्यांचें ठरींव उदाहरण नदीच्या पुराचें आहे, आणि आम्हां जामखेडकरांस तें शिकवावयास नको. येथें आकाश निरभ्र असतां विंचरणेस गढूळ लोंढा येतो. आम्ही तत्काळ म्हणतों, वर बालाघाटांत पाऊस झाला. पाऊस कोणीं पाहिला? कोणींच नाहीं. पण कार्यावरून कारण कळलें, आणि त्या ज्ञानावर भरंवसा ठेवून लोक गुरें अलीकडे घेतात. आमच्याच जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं, जेथें ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशास, डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया यांनीं १९५४ पासून उत्खनन केलें, व नदीच्या जुन्या गाळखड्यांतून शेतीच्याही फार पूर्वींचीं दगडी हत्यारें काढलीं. तीं घडवितांना कोणीं पाहिलें? तरी तीं हातांनींच घडविलीं आहेत, याविषयीं पाहणारास संशय राहत नाहीं.

पण आमच्या मनांतली खरी अडचण दूर झाली ती निराळ्या वाटेनें, आणि ती वाट भांडारकर संस्थेवरून जाते. संस्कृताच्या नादामुळें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें आम्हांस फार कौतुक. १९१९ सालीं पुण्यास आरंभिलेलें तें कार्य १९६६ सालीं पुरें झालें, १२५९ हस्तलिखितें त्यासाठीं तपासलीं गेलीं, डॉ. सुखठणकरांसारख्या पंडितानें त्यासाठीं आयुष्य वेंचलें. काश्मिरांतील शारदा लिपीची पोथी, बंगालची पोथी, मलबारची मल्याळी लिपीची पोथी, या सर्वांची मूळ पोथी आज अस्तित्वांत नाहीं. ती कोणीं पाहिलेली नाहीं. तरीही अमुक पोथ्या एका घराण्यांतल्या, अमुक दुसऱ्या, हें पंडितांनीं ठरविलें. तें कशावरून? शुद्ध पाठ सारखे आहेत यावरून फारसें कळत नाहीं. शुद्ध तें दोघांचेंही सारखेंच असणार. परंतु दोन पोथ्यांत एकाच श्लोकांत तेंच अक्षर गळालेलें असेल, तोच अर्थहीन शब्द त्याच जागीं पडलेला असेल, तर त्या दोन्ही एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरल्या आहेत, असें समजावयाचें. दोन लेखनिकांनीं परस्परांस न ओळखतां तीच चूक त्याच ठिकाणीं पुनःपुन्हां करणें संभवत नाहीं. समान चूक हा समान मूळाचा दाखला. वर्गांत दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत एकच विलक्षण चूक आढळली कीं मास्तर काय समजतात, हें आम्ही वेगळें सांगत नाहीं!

आतां आवळ्याकडे वळूं. वाचक म्हणतील, हें काय मध्येंच? पण ऐका. आपल्या घरीं मोरावळा घालतात, तो ज्या ‘क’ जीवनसत्त्वासाठीं वैद्य-डॉक्टर वाखाणतात, तें मनुष्यास बाहेरूनच घ्यावें लागतें; न मिळाल्यास हिरड्या सुजतात, रक्त येतें, आणि पूर्वीं गलबतांवरील खलाशी त्यानें मरत. परंतु गाईस, शेळीस, कुत्र्यास, मांजरास आवळा लागत नाहीं. तीं हें द्रव्य आपल्या शरीरांतच तयार करितात. मनुष्यास तें कां करितां येऊं नये? शोध करितां असें आढळलें कीं, तें द्रव्य बनविण्याची जी शेवटची पायरी, तिचा ‘पाठ’ मनुष्याच्याही बीजांत लिहिलेला आहे. पण तो मोडका आहे. त्यांतले मजकुराचे तुकडेच्या तुकडे गळाले आहेत, त्यामुळें तो वाचला जात नाहीं. बरें, असें कदाचित् मनुष्याच्याच नशिबीं आलें असेल म्हणावें, तर चिंपांझीच्या बीजांतही तोच पाठ मोडलेला आहे, आणि त्याच ठिकाणीं, त्याच तऱ्हेनें. गिनीपिग या प्राण्यांतही हा पाठ मोडलेला आढळतो. परंतु तेथील मोडतोड निराळ्या तऱ्हेची. म्हणजे गिनीपिगाची पोथी स्वतंत्रपणें बिघडली, आणि मनुष्याची व चिंपांझीची एकाच बिघडलेल्या पोथीवरून उतरली.

भांडारकर संस्थेंतील पंडितांचें अनुमान जो मान्य करितो त्यास हें अनुमान नाकारतांना कारण द्यावें लागेल. आम्हीं कारण शोधून पाहिलें; अजून मिळालें नाहीं. ईश्वरानें मनुष्य स्वतंत्र निर्माण केला, व त्यांत वानरांतील चूक मुद्दाम जशीच्या तशी उतरून ठेविली, असें म्हणणें आमच्या जिभेवर येत नाहीं. तें म्हणणें ईश्वरास शोभत नाहीं.

आणि चालू काळांतील बदल कोणीं पाहिला नाहीं, हें तरी कोठें खरें? शेजारच्या बीड जिल्ह्यांतील कापूसवाल्यास विचारावें. २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली. अळी बोंड खाऊन मरूं लागली. पुढें अधिक जालीम दुसरें वाण आलें. २०१७ सालीं महाराष्ट्रांत गुलाबी बोंडअळीनें त्याच वाणाचीं बोंडें पोखरून शेतकऱ्यास रडविलें. लाखांत एखादी अळी त्या विषास दाद न देणारी असेल. बाकीच्या मेल्या, तिची मात्र प्रजा वाढली. म्हणूनच पिशवीबरोबर बिगर-बीटी बियांची पुडी मिळत असे, ती कडेनें पेरावी, म्हणजे विषास बळी पडणाऱ्या अळ्यांचाही वंश राहून दोहोंची सरमिसळ होते, असा सल्ला होता. तो फार थोड्यांनीं पाळला. यावर आमचे स्नेही म्हणतात, पण अळी ती अळीच राहिली ना? फुलपाखरूं तर झालें नाहीं वेगळें? आक्षेप रास्त आहे, आणि पंधरा वर्षांच्या हिशेबानें त्यास तेवढेंच उत्तर आहे. कोट्यवधि वर्षांचें काम पंधरा वर्षांत दाखवा म्हणणें मात्र रास्त नाहीं.

‘माकडापासून माणूस’ हा शब्दप्रयोगही टाकून द्यावयास हवा. आजच्या माकडापासून मनुष्य झाला असें कोणीही शास्त्रज्ञ म्हणत नाहीं. मनुष्य व वानर हे चुलतभाऊ, दोघांचा पणजोबा निराळा व आतां नाहींसा झालेला, एवढेंच त्यांचें म्हणणें. “माकडें अजून शिल्लक कशीं?” हा प्रश्न “चुलता अजून हयात कसा?” अशा धर्तीचा आहे.

दुसऱ्या बाजूच्या एका हौसेविषयींही लिहिणें भाग आहे. डार्विन खोटा म्हणणारांइतकेच, डार्विन आमचाच म्हणणारेही आपल्या घरोघर आहेत. मत्स्य, कूर्म, वराह, नारसिंह, वामन. पाहा, जळांतून थळावर, पशूंतून मनुष्यांत! २०१९ च्या जानेवारींत जालंदरच्या विज्ञान काँग्रेसमध्यें आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनीं दशावतार हा डार्विनापेक्षां सरस सिद्धांत असल्याचें सांगितलें. आम्हांस हें मुळींच रुचत नाहीं. अवतार हे भक्तांच्या रक्षणासाठीं, धर्मस्थापनेसाठीं. ते एकमेकांपासून जन्मले नाहींत. यांत पक्षी कोठें गेले? परशुराम आणि राम या दोन पायऱ्या म्हणाव्या तर रामायणांत त्या एकमेकींस वाटेंत भेटून बोलतात, त्याची वाट काय? भागवताच्या पहिल्या स्कंधांत बावीस अवतार मोजले आहेत, त्यांचा क्रम निराळा. आणि परशुरामास अर्धाकच्चा मनुष्य ठरविण्यास कोणती कुलीन गृहिणी तयार होईल? कल्पाचें मान ४३२ कोटि वर्षें व शास्त्रज्ञांच्या मतें पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटि, यावरूनही असाच जयघोष होतो. परंतु सूर्यसिद्धांतांतील कल्प ग्रहांच्या पूर्ण भगणांच्या गणितासाठीं बांधला आहे. दगडाचें वय मोजून नव्हे. योगायोगाचा पुरावा केला कीं तो उद्यां आपल्यावरच उलटतो. उद्यां शास्त्रज्ञांनीं आंकडा बदलला तर काय कल्प बदलणार?

या बाबतींत लोकमान्य टिळकांची दृष्टि अधिक काटेकोर होती. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत त्यांनीं डार्विन व हेकेल यांचा विचार घेतला आहे, सांख्यांच्या गुणपरिणामाशीं त्याची तुलना केली आहे, पण ‘हें आमचेंच’ म्हणून मिशांवर ताव दिलेला नाहीं. उलट त्यांनीं शब्दाविषयीं शंका काढली: संस्कृतांत ‘उत्क्रांति’ म्हणजे प्राणाचें निघून जाणें, मरण; तेव्हां या मतास गुणोत्कर्ष किंवा गुणपरिणाम म्हणावें. ब्रह्मसूत्रांतही हा शब्द जीवाच्या देहत्यागाविषयीं आलेला आहे. आमचा कल अर्थातच लोकमान्यांकडे. पण भाषेनें त्यांचें ऐकलें नाहीं, आणि जन्माच्या शास्त्रास मरणाचें नांव चिकटलें तें चिकटलेंच.

एक गोष्ट आमच्या ईश्वरवादी बंधूंनीं विशेष लक्षांत घ्यावी. सहा दिवसांत सृष्टि, आणि तीही ख्रिस्तापूर्वीं ४००४ या वर्षीं, हें गणित आयर्लंडच्या अशर नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें सतराव्या शतकांत केलें. डार्विनाविरुद्धचें भांडण त्या हिशेबांतून जन्मास आलें. तें अमेरिकेंत इतकें पेटलें कीं, १९२५ सालीं टेनेसी प्रांतांत उत्क्रांति शिकविल्याबद्दल स्कोप्स नांवाच्या एका बिचाऱ्या मास्तरास शंभर डॉलर दंड झाला. (दंड पुढें तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण खटला व्हावयाचा तो झालाच.) हें भांडण आपण उसनें कां आणावें? आपल्याकडे नैयायिक ईश्वरास जगाचा कर्ता मानतात, कुंभार घटाचा मानावा तसा. सांख्यांस कर्ता लागत नाहीं, प्रकृतीच परिणाम पावत जाते. आणि वेदांचे कट्टर कैवारी मीमांसक तर जग एके दिवशीं निर्माण झालें हेंच मान्य करीत नाहींत. तिन्हीही आस्तिक दर्शनें! आमचा स्वतःचा ओढा नैयायिकांकडे. पण कुंभारानें घडा हातांनीं थापला कीं चाक फिरवून ठेवलें, यावरून त्याचें कुंभारपण जात नाहीं. पहिला जीव कसा उत्पन्न झाला, आणि मातीच्या या पुतळ्यांत ‘मी’ म्हणणारा कोठून आला, याविषयीं डार्विनाचा ग्रंथ उत्तर देत नाहीं. त्याचा तो विषय नव्हे. तेथें आमची शंका व आमची श्रद्धा दोन्हीही जागेवर आहेत.

परंतु हें सर्व बोलावयाचें तर आधीं समोर धडा पाहिजे. आपल्या शास्त्रकारांची रीत पाहावी. प्रतिपक्षाचें मत प्रथम मांडावयाचें, तें त्याच्या तोंडून वदवावें इतक्या पूर्णतेनें मांडावयाचें, आणि मग खंडन करावयाचें. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहांत पहिलें प्रकरण आहे तें चार्वाकाचें! चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक लुप्त झाले. त्यांचें मत आज आपणांस कळतें तें मुख्यतः त्यांच्या विरोधकांनीं लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षावरून. ज्या परंपरेनें नास्तिकांचा पूर्वपक्ष एवढ्या निष्ठेनें जपला, तिच्या नांवानें डार्विनाचा पूर्वपक्षच पुस्तकांतून फाडून काढावा, ही कोणती रीत? पाठ न वाचतां त्याचें खंडन करणारा शिष्य कोणत्याही पाठशाळेंत दुसऱ्या दिवशीं टिकला नसता. आमच्या पुतण्याचा मुलगा उद्यां कट्टर शंकेखोर निघाला तर आम्हांस आनंदच आहे; पण शंका घेण्यासाठीं तरी त्याच्या हातांत पुस्तक नको काय?

म्हणून त्या दिवाळींत आम्हीं नातीच्या पुस्तकांतील धड्याच्या छायाप्रती बाजारांतून काढून आणल्या व त्या पुण्याच्या पाहुण्याच्या दप्तरांत घातल्या. ज्या घरीं केंद्रीय मंडळाचीं मुलें आहेत त्यांनीं राज्य मंडळाचें तें पुस्तक मिळवावें; बालभारतीच्या संकेतस्थळावर तें विनामूल्य मिळतें. मुलाबरोबर एखाद्या वडील माणसानें बसून तें वाचावें, दोन संध्याकाळीं पुरे होतात. रामापिथेकसाच्या वाक्यापुढें मात्र पेन्सिलीनें मोठें प्रश्नचिन्ह करून ठेवावें.